लाखाच्या आत वेल्डिंगचं दुकान: काय नवं घेतलं, काय जुनं आणलं, काय टिकलं

भिगवण साइडला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, मी आणि धाकटा भाऊ, तो आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून आलाय. काम म्हणजे ट्रॅक्टरची अवजारं, उसाच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचे शेड, जे येईल ते. शेड आणि लाइटचं मीटर सोडलं तर बाकी सगळं सामान आम्ही लाखाच्या आत बसवलं आणि त्याच्यावर उसाचे सीझन काढलेत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. बरीच पोरं विचारतात दादा कुठलं मशीन घेऊ, मशीनचं नाव सांगा फक्त, म्हणून सगळ्या सामानाचा रिव्ह्यू एकदाच लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ज्याच्यातून करंट जातो आणि जे डोळ्यावर हातावर घालायचंय ते नवं घ्या, पक्क्या बिलावर घ्या. जे नुसतं जड लोखंड आहे, म्हणजे व्हाइस (लोखंड आवळून धरायचा शिकंजा), टेबल, ऐरण, क्लॅम्प, ते जुनं घ्या, जुनं उलट जास्त चांगलं मिळतं. आणि मशीन मशीन करत अर्धं बजेट तिथेच उडवू नका, कारण मशीन आता स्वस्त झालंय, पैसा खातात ती कटिंग, वायरिंग आणि बारीकसारीक सामान.

तरी मशीनपासूनच सुरू करतो. आम्ही २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं, अ‍ॅडॉरचं. कारण एवढंच की कंपनीचा कारखाना चिंचवडला आहे, पुण्यात सर्व्हिस मिळते, सुटे भाग मिळतात. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून "अडवाणीचा रॉड" म्हणतात ना, तीच ही कंपनी, पूर्वी अडवाणी ऑर्लिकॉन होती. दुसऱ्या कंपनीचे, इसाबवालेही भेटले, त्यांचं मशीनही हातात घेऊन बघितलं, चांगलं वाटलं, पण आमच्या भागात ज्याचा सर्व्हिसवाला फोन उचलतो ते घ्यायचं असा हिशोब केला. बारा ते पंधरा हजाराच्या घरात चांगलं मशीन बसतं. वजनाला हलकं, खांद्याला पट्टा लावून शेतात नेता येतं, सुरुवातीला रॉड चिकटत नाही, बारीक अँगलवर करंट कमी केला तरी आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी ज्योत) मरत नाही. जुनं तांब्याच्या वाइंडिंगचं ऑइल कूल्ड मशीन आमच्या चुलत्याकडे होतं, ते तोडीसतोड मजबूत, पावसात भिजलं तरी चालायचं, पण लाइट बिल खायचं आणि हलवायला चार माणसं. नव्या दुकानाने त्याच्या मागे लागू नये असं मला स्पष्ट वाटतं.

मशीन घेताना एक गोष्ट नीट बघा, ड्युटी सायकल. पाटीवर लिहिलेलं असतं, २०० अँपिअर ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटातली सहा मिनिटं २०० वर चालवा आणि चार मिनिटं थांबा. सलग चालवायचं असेल तर त्याच मशीनमधून साधारण १५५ अँपिअर धरा. आता आपलं काम काय, अडीच एमएमचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो, ३.१५ चा रॉड ९० ते १३० वर, म्हणजे गेट, जाळी, शेड हे सगळं सलग होतं, मशीन थांबत नाही. ट्रॉलीच्या चॅनेलला ४ एमएमचा रॉड लावला की १५० च्या पुढे जावं लागतं, तिथे मात्र मधे दम द्यायचा, तेवढ्यात वेल्डवरची खपली (रॉडच्या मसाल्याचा थर) काढून ब्रश मारून होतो.

गावातल्या एकाने ऑनलाइन बिननावाचं मशीन मागवलं, आकड्यावर भुलून, पुढे मोठ्या अक्षरात २५० लिहिलेलं. ३.१५ चे थोडे रॉड सलग मारले की पिवळा दिवा लागतो आणि मशीन बंद. नंतर आतलं कार्ड गेलं तर कुठे द्यायचं कोणाला माहीत नाही. असल्या मशीनचा खोटेपणा घरबसल्या ओळखता येतो, हिशोब सोपा आहे. २५० अँपिअरला आर्कवर ३० व्होल्ट लागतात, म्हणजे साडेसात किलोवॅट बाहेर यायला पाहिजे, त्यासाठी घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून चाळीसच्या आसपास अँपिअर ओढले जाणार, आणि ते मशीन देतंय १६ अँपिअरचा प्लग आणि सुतळीएवढी वायर. मग ते २५० येणार कुठून. डब्यावरचा आकडा सोडा, मागच्या पाटीवरचा इनपुट करंट वाचा, खरं तिथे कळतं.

मशीनसोबत जी केबल आणि रॉड धरायचा होल्डर येतो तो बहुतेक कंपन्या आखूड देतात, आणि अर्थचा क्लॅम्प तर पत्र्याचा असतो. आम्ही तो लगेच बदलला. २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, ४०० अँपिअरचा होल्डर, पितळी दणकट अर्थ क्लॅम्प, आणि टोकाला लग (केबल जोडायची टोकं) नीट दाबून बसवून घेतले. चार हजाराच्या आसपास गेले आणि मला विचाराल तर सगळ्या खरेदीत सगळ्यात जास्त फरक इथे जाणवला. मशीनमध्ये दम नाही अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा क्लॅम्प गंजलेल्या लोखंडाला लावलेला असतो, त्याखाली ग्राइंडर मारून चकचकीत केलं की मशीन सुरळीत. केबल घेताना कापून बघा, वरून तांब्याचा रंग आणि आत अ‍ॅल्युमिनिअम अशी केबल सर्रास विकतात, ती गरम होते.

आता वायरिंग. इथे मी थोडा जास्त बोलणार कारण इथे लोक पैसे वाचवतात आणि इथेच माणसं जातात. आपल्याकडे "अर्थिंग लाव" म्हटलं की पोरगं जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडाला, क्लॅम्प लावतं. तो क्लॅम्प म्हणजे वेल्डिंगचा करंट परत यायचा रस्ता, त्याचा आणि मशीनच्या बॉडीच्या अर्थिंगचा काही संबंध नाही. बॉडीचं अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन इलेक्ट्रोड पुरलेला, तिथून जाड तार बोर्डापर्यंत आणलेली. ती नसेल तर ग्राइंडरची वायर सोलली गेल्यावर सगळं टेबल लाइव्ह होतं, टेबल लोखंडाचं, पाय ओले, झालं मग. आम्ही वेगळा अर्थ पिट, ४ स्क्वेअर एमएमची वायर, मशीनला स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी, आणि ग्राइंडर-ड्रिलच्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असं करून घेतलं, लायसनवाल्या वायरमनकडून. सगळं मिळून मशीनच्या किमतीपेक्षा थोडं जास्तच गेलं. भाऊ म्हणत होता नंतर करू, मी म्हटलं नंतर मशीन घेऊ पण हे आधी. आणि पावसाळ्यात घामाने ओले झालेले हातमोजे घालून रॉड बदलायचा नाही, बिनआर्कचं होल्डरवर ६०-७० व्होल्ट उभे असतात, कोरड्या हाताला कळत नाही पण ओल्या अंगाला ते पुरतं. मोज्याची एक जोडी वाळत टाकायची आणि दुसरी वापरायची.

मीटरचं म्हणाल तर ११० अँपिअरवर ३.१५ चा रॉड चालवताना लाइनमधून पंधरा ते वीस अँपिअर ओढले जातात, त्यामुळे घरच्या वायरीवर आकडा टाकून दुकान चालवायच्या भानगडीत पडू नका, महावितरणकडे रीतसर लोड मागून घ्या. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटारी चालू झाल्या की अजून पडतं. मशीन घेताना किती व्होल्टपर्यंत चालतं ते विचारा, गावाकडे या एका गोष्टीवर मशीन पास-नापास ठरतं. आमचं पडलेल्या व्होल्टेजवर करंट थोडा कमी देतं पण बंद पडत नाही, यासाठी त्याला पूर्ण मार्क.

ग्राइंडर दोन घेतले, दोन्ही बॉशचे जीडब्ल्यूएस ६००, ४ इंची. दोन का, तर एकावर कटिंगचा डिस्क आणि एकावर घासायचा, सारखं नट सोडा लावा करण्यात दिवस जातो. हे ग्राइंडर भारी आहे, खरंच. हातात मावतं, कार्बन ब्रश आणि आर्मेचर तालुक्याला कुठेही मिळतं, दुरुस्ती करणारा कुठलाही मिस्त्री डोळे झाकून उघडतो. कमी किमतीत दुप्पट ताकद सांगणारी ग्राइंडर दुकानात दिसतील, पण दिवसभर हातात धरून बघा, गिअरची बाजू एवढी तापते की मोज्यातून चटका लागतो. उणं काय, तर याला स्पीड कंट्रोल नाही आणि जाड वेल्ड उतरवायला दाबलं की दमतं, त्यासाठी ५ इंची मोठं लागतं, ते नंतर घ्या. पण ५ इंची डिस्क ४ इंचीवर गार्ड काढून बसवायचा नाही, कोणी कितीही सांगू दे. ४ इंचीला १६ एमएमचं भोक असतं, ५ इंचीला २२ चं, आणि छोटं मशीन जोरात फिरतं, मोठा डिस्क त्या वेगासाठी बनलेलाच नाही. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ते त्याची मुदत आहे. गठ्ठ्याने स्वस्तात मिळणारे डिस्क आधी उलटे करून ती रिंग वाचा, मुदत संपलेला किंवा ओल लागलेला डिस्क फुटतो आणि तुकडा सरळ तोंडावर येतो. आम्ही डिस्कचे खोके फळीवर ठेवतो, जमिनीवर नाही.

चॉप सॉ, आमच्याकडे कटर मशीन म्हणतात ते, १४ इंची, दहा हजाराच्या आसपास. दुकान कमावतं ते याच्यावर. वीस फुटी पाइप आणि अँगल हाताच्या ग्राइंडरने कापून गेट बनवायला बसलात तर दिवस कटिंगमध्येच जातो, आणि टोक तिरकं आलं की ते वेल्डने भरायचं, मग घासायचं. तर यावर पैसे सोडा. फक्त त्यावरचे अंशाचे आकडे खरे धरू नका, नव्या मशीनवरसुद्धा ४५ चा कट हमखास अर्धा-एक अंश इकडेतिकडे येतो. आम्ही गुण्या लावून पट्टी सेट केली, मग मागे खूण पंच करून ठेवली, आता चौकटीचे कोपरे बंद बसतात. ठिणग्या मागे दहा-बारा फूट जातात, मागे पत्रा उभा करा, आणि मशीनपाशी ५ किलोचा आगीचा सिलिंडर आणि वाळूची बादली ठेवा, आमच्या इथे बाजूला कडब्याची गंज आहे त्यामुळे मी याबाबतीत कडक आहे. इन्व्हर्टर मशीन मात्र या ठिणग्यांच्या आणि ग्राइंडरच्या वाटेत ठेवायचं नाही, त्याचा पंखा लोखंडाची बारीक पूड आत ओढतो आणि कार्डावर ती साचली की शॉर्ट. आमचं मशीन खिळ्याला टांगल्यासारखं वर फळीवर असतं, महिन्यातून एकदा प्लग काढून ब्लोअर मारतो.

आता जुना माल. पुण्याचा जुना बाजार, मंगळवार पेठेतला, रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे सकाळी लवकर जायचं. ६ इंची व्हाइस आणली, नव्याच्या निम्म्या पैशात, आणि नव्या हलक्या व्हाइसच्या दीडपट वजनाची. घेताना काय बघितलं ते सांगतो. स्क्रू पूर्ण उघडून आटे बघायचे, मधल्या भागाचे आटे चाकूसारखे धारदार झाले असतील तर सोडून द्यायची. मग जबडा अर्धा उघडून वर-खाली हलवायचा, थोडा ढिला चालतो, खडखड वाजली तर नको. शेवटी अंगावरचा रंग आणि ग्रीस पुसून तडा बघायचा, बिडाची व्हाइस तडकली की लोक वेल्डिंग करून वर रंग मारतात, आपण वेल्डिंगवालेच आहोत, वेल्डची रेघ ओळखता येते. जबड्याच्या दातांच्या पट्ट्या झिजल्या असतील तर काळजी नको, त्या बदलता येतात. सी क्लॅम्प, हातोडे, कानशी ठेवायचा लाकडी खोका, जुना पितळी ओळंबा, हे सगळं तिथलंच. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा देऊ करतात, कागद दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका, रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो आपल्यालाच लागतो. आम्ही भंगारातून जाड शाफ्टचा तुकडा घेऊन उभा पुरला, काम तेच होतं.

बोहरी आळीबद्दल दोन शब्द. नवं सामान, म्हणजे डिस्क, ड्रिल बिट, मॅग्नेट, गुण्या, टेप, सेंटर पंच, ड्रिल मशीन, हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होतं आणि तालुक्यापेक्षा दर बरा पडतो. दुकानदार माल ओळखून बोलतात, काम सांगितलं की "याला हे नको, ते घ्या" असं सरळ सांगतात, हे मला आवडलं. गाडी मात्र लांब लावा, आत नेऊ नका.

टेबल घरीच बनवलं. भंगारवाल्याकडून १० एमएमची प्लेट, ४ बाय अडीच फूट. लोखंडाच्या वजनाचा हिशोब पाठ ठेवा, एक चौरस मीटर पत्र्याला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो, म्हणजे ही प्लेट सत्तर किलोच्या वर जाते, काट्यावर फसायचं नाही. पातळ पत्र्याचं टेबल करू नका, वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतं आणि मग त्याच्यावर जुळवलेलं प्रत्येक गेट पिळलेलं निघतं. पाय ६५ च्या अँगलचे, उंची भावाच्या कमरेला येईल अशी, कारण जास्त वेळ तोच उभा असतो.

डोळ्यांचं सामान. ऑटो डार्क हेल्मेट दोघांना एकेक, दीड-दोन हजाराचं. आमच्याकडे अजून बरेच जण टॅक (जागेवर धरायला छोटा टाका) मारताना डोळे मिटून घेतात किंवा काळा चष्मा लावून वेल्डिंग करतात, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात. चष्म्याने चेहरा उघडा राहतो, कातडी भाजते. ऑटो हेल्मेटमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात आणि काच आर्क पडल्यावर आपोआप काळी होते, त्यामुळे रॉडचं टोक नेमक्या जागी ठेवता येतं, शिकणाऱ्या पोराचं काम तर पहिल्या आठवड्यात सुधारतं. अडीचच्या रॉडला काचेचा काळेपणा, म्हणजे शेड, १० नंबरची, जास्त करंटला ११. बाहेरची साधी प्लॅस्टिकची काच ठिणग्यांनी खराब होते, ती पाच-सहा जास्तीची घेऊन ठेवा. ग्राइंडिंगला मात्र वेगळा पांढरा गॉगल. चामड्याचे मोजे, अ‍ॅप्रन, बंद बूट, कपडे सुती, टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते अंगाला चिकटतं.

जीआय पाइपची कामं येतात, शेडनेट, गोठा. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डच्या जागी घासून काढल्याशिवाय रॉड लावू नका. पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. गूळ खा, दूध प्या असं सगळे सांगतात, पण धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात जातं. उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहा, धूर तोंडासमोरून जाऊ देऊ नका. आणि डिझेलची टाकी किंवा ड्रम गळतो म्हणून कोणी आणला तर आतल्या वाफेचा भडका उडतो म्हणून आम्ही नाही म्हणतो, धुतलाय म्हटलं तरी नाही, पाहुणा असला तरी नाही.

रॉडचं थोडक्यात. दुकानाच्या नव्वद टक्के कामाला ६०१३ नंबरचा साधा रॉड पुरतो, अडीच आणि ३.१५. अ‍ॅडॉर, इसाब, डी अँड एच, तिन्ही वापरले, तिन्ही चांगले. पुड्यावर आयएस ८१४ (रॉडचं भारतीय मानक) बघा. ट्रॉलीचा हूक, अ‍ॅक्सलजवळचं काम, जिथे जिवावर बेततं, तिथे ७०१८ नंबरचा जास्त मजबूत रॉड लागतो, पण तो भट्टीत ३०० अंशाच्या वर तापवून कोरडा केलेला पाहिजे, उघडा पडलेला पुडा वापरून ७०१८ मारला असं सांगण्यात अर्थ नाही. आम्ही असं काम बारामतीला एमआयडीसीत ज्याच्याकडे ओव्हन आहे त्याच्याकडून करून घेतो. ६०१३ पावसाळ्यात सादळतो, त्याला लाकडी पेटीत ६० चा बल्ब लावून ठेवला की पुरतं.

मिगचा, म्हणजे रिळातली वायर आणि गॅस सोडून वेल्ड करणाऱ्या मशीनचा, सगळ्यांना मोह असतो. पातळ पाइपला, १६ गेजच्या जाळीला मिग छानच आहे, स्पीड आहे, खपली नाही. पण गॅस सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, वायरचं रीळ आणि आमच्यासारख्या उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवून नेतो. पहिल्या वर्षी नको. थ्री इन वन नावाने, मिगसकट तीन प्रकारचं वेल्डिंग करणारी, जी मशीन येतात त्यात स्वस्तातल्याला तिन्हीपैकी एकही काम धड जमत नाही असं माझं बघून झालेलं मत आहे. गॅस कटिंगही घेतलं नाही, जाड प्लेट कापून हवी असेल तर लेझरवाल्याकडून मापात कापून आणतो, घासायचं कामही वाचतं. कंप्रेसर नाही, गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग ब्रशनेच मारतो.

पैशाचं म्हणाल तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारापर्यंत आणि किशोरमध्ये त्यापुढे ५ लाखापर्यंत विनातारण कर्ज आहे, बँक कोटेशन मागते, ते पक्क्या दुकानाचं लागतं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि मशीनच्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानातच पाटीशी जुळवून बघा, वॉरंटीच्या वेळी सर्व्हिसवाला पहिलं तेच विचारतो.